लवू खारव्याचा ओला दोर

"गाठ रिकामी, तर पाऊल नाय."

लवू खारवी हे दिवसातून दोनदा म्हणे. सकाळी समुद्राकडे पाठ करून, आणि संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून. बाकी दिवसभर त्याला बोलण्याची हौस नव्हती. ज्याचा अर्धा जन्म गलबतावर वाऱ्याचं बोलणं ऐकण्यात गेला, त्याला माणसांच्या बोलण्याचं अप्रूप कुठून असणार? पण हे एवढं वाक्य तो गुरवाने गाऱ्हाणं घालावं तसं म्हणे, एक अक्षर न गाळता. आणि ते ऐकल्याशिवाय उंडेवेळची पोरं जागची हलत नसत.

उंडेवेळ हे रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडाच्या अलीकडे, समुद्राला बिलगून बसलेलं गाव. खाली वाळूची पुळण. पुळणीला लागून माडांच्या सावलीत खारवीवाडी आणि भंडारवाडी. तिथून जांभ्या दगडांची पाखाडी पायरी पायरीने वर चढते. अर्ध्यावर ख्रिस्तांवांची चार-पाच घरं आणि त्यांचा पांढरा क्रूस. क्रुसापासून बाजूला उतरलं की महारवाडी. आणि सगळ्यांच्या माथ्यावर सडा. सडा म्हणजे उघडा कातळ. चैत्रात तव्यासारखा तापेल, श्रावणात असा हिरवा होईल की पाय टाकायला जीव होणार नाही. त्या सड्याच्या पल्याड फादरांची शाळा होती.

शाळा एवढ्या लांब का, तर गावात जागा द्यायला कोणी तयार नव्हतं आणि सडा कोणालाच नको होता. फादर मंगळूरकडचे, सावळे, उंच, मराठी बोलताना शब्द चाखत बोलणारे. त्यांनी जांभ्या चिऱ्याच्या चार भिंती उभ्या केल्या, वर मंगळुरी कौलं घातली, आणि निरोप धाडला की ज्यांना पोरं शिकवायची त्यांनी पाठवावी, कोणाचंही पोर चालेल. गाव आधी हसलं. मग मुंबईला गिरणीत गेलेल्या बाप्यांची पत्रं वाचायला घरात कोणी नाही हे आठवून एकेकाने पोरं पाठवायला सुरुवात केली.

लवूला फादरांनी घंटा वाजवायला आणि पाणी भरायला ठेवला. मालवणच्या बंदरात नांगराची साखळी पायावर पडून त्याचा डावा पाय वाकडा झाला होता. गलबतावरच्या मुख्य तांडेलाने त्याला किनाऱ्यावर उतरवला आणि गलबत पुढे गेलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, एक बहीण मथुरा तेवढी पूर्णगडला दिलेली. लवूने आयुष्यभर फादरांच्या मुलखातली कौलं वाहिली होती. दोघांची ओळख एवढीच, पण ती पुरली.

शाळेच्या वाटेवर, सड्याच्या ऐन मध्यावर, चिरेखाण होती. गावातलं घर न् घर त्या खाणीतून निघालेलं. उन्हाळ्यात तिथे टिकावांचा आवाज घुमे. पावसात खाण भरे, आणि मग ती एवढी शांत दिसे की गुरंसुद्धा फसत. चार बाजूंना सरळ कापलेल्या भिंती आणि वर शेवाळाची हिरवी साय. काठावर तेरडा फुले. पोरांना तेरडा दिसतो, खाण दिसत नाही.

पहिल्याच वर्षी भंडारवाडीच्या गंगारामाची नात तुळसा शाळेतून घरी आली नाही. आपल्याकडे वाडीतलं पोर म्हणजे सगळ्या वाडीचं. एका घरी पेज पितं, दुसऱ्या घरी झोपतं. आईला वाटलं काकीकडे असेल, काकीला वाटलं आत्याकडे, आत्याला वाटलं आजाबरोबर पुळणीवर गेली. सगळ्यांची पोर होती, म्हणून कोणीच शोधली नाही. दिवेलागणीला लवू पाण्याची कावड घेऊन खाणीवरून जाताना त्याला ती काठावर दिसली. पाय खाली सोडून बसली होती. ओच्यात तेरड्याची फुलं होती आणि एकेक फूल ती पाण्यात टाकत होती.

लवूने हाक मारली नाही. हाक मारली तर पोर दचकेल. तो लंगडत मागून गेला, तिला काखेत उचलली, आणि तशीच गंगारामाच्या घरापुढच्या खळ्यात नेऊन ठेवली.

"ही घे तुझी पोर. घेतलीस?"

"अरे, घेतली म्हणजे काय? आमचीच ती."

"घेतली म्हण."

"घेतली बाबा, घेतली!" गंगाराम वैतागून म्हणाला. मग ती कुठे होती हे कळल्यावर त्याने तिला उचलून कडेवर घेतली.

गलबत धक्क्याला लागताना खलाशी दोर फेकतो आणि ओरडतो, 'घेतला?' धक्क्यावरचा माणूस 'घेतला' म्हणेपर्यंत आपलं टोक सोडायचं नाही. लवूला एवढाच एक कायदा ठाऊक होता. तो त्याने पोरांना लावला.

दुसऱ्या दिवशी फादर म्हणाले, "लवू, उद्यापासून पोरांना तू आण, तू सोड."

"आणतो. पण हाताला हात धरून चालली पाहिजेत."

हे गावात कळलं आणि गावाने मान हलवली. भंडाऱ्याच्या पोराने महाराच्या पोराचा हात धरायचा? ख्रिस्तांवाच्या पोराने कोणाचा धरायचा? गंगाराम हा भंडारवाडीचा कर्ता माणूस, मोठा आवाज, मोठ्या मिशा, आणि चुकलं तरी मोठ्यानेच चुकणारा. तो म्हणाला, "लवू, तू माझी नात आणून दिलीस, तुझे उपकार आहेत. पण हात नाय. ते जमायचं नाय."

लवूने वाद घातला नाही. त्याने चार रात्री बसून काथ्या वळला आणि लांबच लांब दोर केला. दोराला अंतराअंतराने गाठी मारल्या. एका पोराला एक गाठ. दोन गाठींत अंतर एवढं की हाताला हात लागू नये. गंगारामाने स्वतः पुळणीवर दोर पसरून हाताने मापून घेतला आणि खूश झाला. "हे बेस्ट काम केलंस. कोण कोणाला शिवत नाय."

लवू नुसता हसला. गंगारामाच्या लेखी तो दोर पोरांना लांब ठेवण्यासाठी होता. लवूच्या लेखी तो त्यांना एकत्र ठेवण्यासाठी होता. दोर बिचारा दोन्ही कामं करत होता.

एक शंका मात्र पारावर निघालीच. दोरातून विटाळ जातो की नाही? रावजी गुरवाला विचारलं. रावजीने डोळे मिटले, पान चघळलं आणि सांगितलं, "सुक्या दोरातून जात नाय. ओल्यातून जातो." सगळ्यांना ते पटलं. दिवाळी जवळ आली होती, आभाळ कोरडं ठाक होतं, आणि पावसाळ्याचा विचार पावसाळ्यात करायचा ही आपली जुनी रीत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सड्यावरून ती माळ यायची. सगळ्यात पुढे थोरला मुलगा, मध्ये बारकी पोरं, आणि शेवटच्या गाठीला लवू. नव्या माणसाला वाटे, पुढारी मागे कसा? लवू म्हणे, "सुकाणू मागंच असतं." मागून त्याला प्रत्येक गाठ दिसे. त्याला लिहिता येत नव्हतं, पण गाठी वाचता येत होत्या. कोणी फुलासाठी हात सोडला, कोणी काट्यासाठी वाकलं, की दोराला त्या जागी झोळ पडे आणि लवू थांबे. "गाठ रिकामी, तर पाऊल नाय." पोरं एका सुरात तेच म्हणत आणि थांबत. मग वाडीत शिरल्यावर एकेका खळ्यात हाक, "घेतली?" आतून कोणीतरी ओरडायचं, "घेतली!" कोणी नुसतं "ठेव रे तिथं" म्हटलं तर लवू पोर सोडत नसे. तुळसाची काकी एकदा चिडून म्हणाली, "लवूभावजी, पोरगी आणलीत की जप्ती?" लवू म्हणाला, "घेतली म्हण, वहिनी. मग मी चाललो."

आषाढ लागला. दोर भिजला.

काथ्या एकदा भिजला की दिवाळीपर्यंत वाळत नाही. गंगाराम चार माणसं घेऊन शाळेवर आला. फादर ओसरीवर उभे होते, लवू घंटेखाली.

"फादर, पावसात दोन दोर करा. आमच्या पोरांचा पुढे. महारवाडीची पोरं दुसऱ्या दोराने मागून येऊ देत, जरा अंतर ठेवून."

फादरांच्या मनात काय होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण भंडारवाडीने पोरं काढली तर शाळेत उरतं कोण, हेही त्यांना दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "लवू, तू काय म्हणतोस?"

"एक माणूस दोन सुकाणू कशी धरणार, फादर?"

"आपली पोरं पुढे आहेत ना," गंगाराम म्हणाला, "तू त्यांच्या मागे राहा. मागची येतात आपली आपण. मोठी आहेत."

मोठी म्हणजे केरूची चिमा, आठ वर्षांची, तिचा धाकटा भाऊ शिवा, आणि शेजारची दोन. केरू त्याच खाणीत चिरे काढायचा. संध्याकाळी तो लवूला पाखाडीवर भेटला. दोघांच्यामध्ये नेहमीसारखं अंतर ठेवून उभा राहिला.

"लवूदादा, दोर एक करा, नाय तर दोन करा. आम्ही काय बोलणार? पण ती खाण मी खणलीय. तिचा तळ मला माहीत आहे. माझी पोरं तिच्या काठावरून तुमच्या पाठीमागे चालणार. तुमच्या पाठीला डोळे आहेत काय?"

पण गंगारामाचं म्हणणं फादरांनी मोडलं नव्हतं. लवूने दोर कापला. कापताना त्याला नांगर तुटल्यासारखं झालं, पण कापला.

आठवडा नीट गेला. लवू पहिल्या दोराच्या शेवटच्या गाठीला चाले आणि दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघे. त्याची मान दुखायला लागली. रात्री झोपेत तो मान वळवत असे.

आणि मग एका संध्याकाळी सड्यावर धुकं आलं. ते खालून, समुद्राकडून येतं. कोणी दुधाची घागर लवंडावी तसं पसरतं आणि बघता बघता आपलाच हात आपल्याला दिसत नाही. खाण जवळ आलेली. लवूने मान वळवली तर मागे नुसता पांढरा पडदा.

"चिमे! हायस ना गो?"

वारा तोंडावरून शब्द उचलून नेत होता. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही.

मागे धावावं तर ही बारकी पोरं खाणीच्या तोंडाशी सोडायची. पुढे जावं तर ती चार मागे राहतात. लवूने हातातला दोर ताठ धरला आणि पोरांना क्रुसापर्यंत आणलं. क्रुसाच्या पायऱ्यांवर बसवलं. "इथून हलायचं नाय," एवढंच म्हणाला आणि वाकड्या पायाने धुक्यात परत चढला.

खाणीच्या काठाने तो हाका मारत गेला. खलाशाचा पाय हलत्या फळीवर सरकत नाही, पण शेवाळलेला कातळ म्हणजे फळी नव्हे. वाकडा पाय सरकला आणि लवू खाणीत गेला.

पोहता त्याला येत होतं. पण समुद्रात पोहणाऱ्याला मोकळ्या पाण्याची सवय. चार भिंतींत कोंडलेलं पाणी त्याला ओळखेना. भिंतीला हात लावावा तर बोटं घसरत. शेवटी एका चिऱ्याच्या खाचेत बोटं अडकली आणि तो तसाच लोंबकळत राहिला. पाणी छातीपर्यंत. वर काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात अगदी डोक्यावरून बारीक आवाज आला. "लवूआजा? तुम्ही पाण्यात काय करताय?"

"चिमे! कुठं मेली होतीस गो?"

"इथंच आहोत. शिवाच्या पायात काटा गेला. त्यानं हात सोडला. मग गाठ रिकामी ना! मग पाऊल कसं टाकणार?"

"अगो, मग ओ का दिली नाय?"

"आम्ही दिली. तुम्ही ऐकलीत नाय."

गार पाण्यात, दात वाजत असताना, लवूला हसू आलं. मग लगेच भीती वाटली. "काठावर येऊ नको! मागं सर. चौघंही मागं सरा. चिऱ्यांचा ढीग हाताला लागतोय काय?"

"लागतोय."

"दोराचा त्याला वेढा घाल. दोन वेढे. बंदरात खुंटाला घालतात तसा, मी दाखवला होता तसा. मग टोक खाली टाक. आणि तुम्ही ढिगाच्या पलीकडं बसा. दोराला हात लावलात तरी चालेल, पण काठाला यायचं नाय."

टोक खाली आलं. ओलं, जड, त्याच्याच हाताने वळलेलं. लवूने ते मनगटाला गुंडाळलं. वर चढणं त्या पायाने शक्य नव्हतं, पण बुडणं आता टळलं होतं. वर चार पोरं ढिगाआड बसून दोर धरून होती, आणि चिमा अधूनमधून विचारत होती, "आजा, आहात ना?" आणि तो सांगत होता, "आहे गो."

इकडे क्रुसापाशी जे घडलं ते लवूला मागाहून कळलं. अंधारून आलं तरी पोरं घरी आली नाहीत म्हणून गंगाराम इरलं डोक्यावर घेऊन, कंदील धरून पाखाडी चढून वर आला. आता एका पोराचा घोर चार घरं एकमेकांवर ढकलत नसत. 'घेतली' म्हणायची वेळ टळली की घरातलं माणूस बाहेर निघे, एवढा तरी त्या दोराने गावाला धडा दिला होता. बघतो तर पोरं क्रुसाच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली. भिजलेली, कुडकुडणारी, आणि प्रत्येकाच्या मुठीत आपापली गाठ.

"तुळसे, चल घरी."

"नाय."

"नाय काय? चल, थंडी वाजतेय."

"गाठ रिकामी हाय."

गंगारामाने कंदील उचलून दोर बघितला. "कुठली रिकामी? सगळ्या भरल्यात की!"

"ती बघा. शेवटची. लवूआजाची."

"अगो, तो येईल मागून."

"आणि मागचा दोरपण आला नाय."

"तो दोर आपला नव्हे."

तुळसाने आजाकडे बघितलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं. "मग लवूआजा कोणाचा?" ती म्हणाली.

गंगारामाने कंदील त्या रिकाम्या गाठीजवळ नेला. तेवढ्यात बाजूच्या वाटेने केरू आला, घोंगडी पांघरून, धापा टाकत. "माझी पोरं?" त्याने विचारलं. तुळसाने सड्याकडे बोट दाखवलं. तसा तो न थांबता सड्यावर चढला. गंगाराम क्षणभर उभा राहिला, मग कंदील घेऊन त्याच्या मागे निघाला. भंडारवाडीचा कर्ता महारवाडीच्या केरूच्या मागून चालला, कारण सड्यावरची वाट धुक्यात एकट्या केरूला माहीत होती.

चिमाच्या आवाजावरून त्यांना खाणीची ती बाजू सापडली. केरूने पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, चौघंही आहेत हे बघितलं, आणि पाण्याखाली त्याने स्वतः कोरलेल्या पायऱ्या कुठे आहेत ते आठवत तो खाणीत उतरला. "मी खालून रेटतो," तो ओरडला. "वरून ओढा!"

वर ओढायला गंगाराम एकटाच होता. त्याने कंदील खाली ठेवला आणि दोराकडे बघितलं. दोर चिंब होता. त्यावरून पाणी ओघळत होतं. ढिगाआडून चिमाचे आणि शिवाचे हात त्याच दोराला लागलेले. गंगारामाचे दोन्ही हात हवेत राहिले.

खालून लवूचा आवाज आला. "गंगारामदादा, सुका दोर आणायला घरी जातोस काय? मी थांबतो."

"मेल्या, बुडतोयस तरी जीभ बुडत नाय तुझी!" गंगाराम खेकसला आणि त्याने दोर धरला. चिमाच्या हाताच्या पुढे एक हात, शिवाच्या हाताच्या मागे दुसरा. टाचा कातळात रोवल्या आणि ओढला.

लवू काठावर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. गंगाराम धापा टाकत होता. केरू खालून वर आला, त्याने उतरताना काठावर काढून ठेवलेली घोंगडी लवूच्या अंगावर टाकली. मग शिवाने पाय पुढे केला. "माझा काटा अजून आतच हाय," तो म्हणाला. कंदिलाच्या उजेडात गंगारामाने वाकून तो काढला, जसं काही त्याच कामासाठी तो वर आला होता.

क्रुसापाशी आल्यावर लवूने शेवटची गाठ हातात घेतली. तुळसाने मान वळवून बघितलं, मागचा दोर बघितला, आणि मगच उठली.

लवू त्यानंतर तापाने पडला. बघायला आलेल्या फादरांना त्याने सांगितलं, "फादर, मी बरा झालो की घंटा वाजवीन, पाणी भरीन. पण दोन दोर असतील तर पोरांना दुसरा माणूस बघा. एका सुकाणूला एकच गलबत. मी बहिणीकडे जाईन, पण पोरं पाठीमागं ठेवून चालायचं पाप पुन्हा करणार नाय."

फादरांनी हे गंगारामाला कळवलं. आणि पारावर बैठक बसली. रावजी गुरव बसला होता, माणसं जमली होती, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की गंगारामाने ओला दोर धरला. आता हा काय बोलतो, इकडे कान लागलेले. गंगारामाने मिशीवरून हात फिरवला.

"रावजी, तू म्हणालास, ओल्या दोरातून विटाळ जातो."

"म्हणालो."

"बरोबर बोललास. पण तू ओला म्हणालास. चिंब म्हणाला नाहीस."

"म्हणजे?"

"चिंब भिजला की तो दोर उरतोय कुठं? ते पावसाचं पाणीच झालं. पावसाचं पाणी तुझ्या कौलावर पडतं, तेच केरूच्या पेंढ्यावर पडतं. पावसाला विटाळ लागत असता तर तुझी शेती कुणी पिकवली असती रे?"

रावजीने डोळे मिटले, पान चघळलं. "चिंब असेल तर चालेल," तो म्हणाला. "नुसता दमट नको."

"आषाढात दमट कोण ठेवतोय?" गंगाराम म्हणाला, आणि पार हसला.

सगळा गाव काही त्या दिवशी सुधारला नाही. दोन घरांनी पोरं काढून घेतली. एक दिवाळीनंतर परत आलं, दुसरं आलंच नाही. केरू पारापासून लांबच उभा राहत होता, आणि पुढेही राहिला. पण दोर एक झाला. लवूने कापलेली दोन टोकं सोडवून पीळ पिळात विणला, खलाशी विणतात तसा, की जोड कुठे आहे ते बोटालासुद्धा कळू नये. आणि पहिल्या दिवशी सकाळी महारवाडीची पोरं शेवटाला जाऊन उभी राहिली, तेव्हा त्याने चिमाला हाताने धरून मध्ये आणलं. "बारकी पोरं मध्ये," तो म्हणाला. "मागे मी."

त्यानंतर वर्षं गेली. दर वैशाखात क्रुसापाशी लादीनची प्रार्थना होई, ख्रिस्तांव मंडळी गुडघे टेकून गात, आणि मग शिजवलेले चणे वाटत. गावची पोरं आपोआप ओळीने येत, दोर नसला तरी गाठीच्या क्रमाने. दर पावसाळ्याआधी लवू नवा काथ्या वळून जुन्या दोराला जोडी. पोरं बदलत गेली. तुळसा लग्न होऊन देवरूखच्या बाजूला गेली. चिमा मात्र शाळेतच राहिली. फादरांनी तिला पुढचं शिकवलं आणि मग बिगारीच्या बारक्या पोरांना अक्षरं घोटवायला बसवलं. काहींनी नाकं मुरडली. गंगाराम म्हणाला, "मी लवूला ओढताना तिचा हात दोरावर होता. तेव्हा कोण बोललं नाय."

लवूचा पाय आता दर पावसाळ्यात जास्त वाकत होता. सड्याची चढण त्याला छातीत लागे. पूर्णगडहून मथुरेने निरोप पाठवला, भाचा मोठा झाला, घरात जागा आहे, ये. लवूने बरेच दिवस उत्तर दिलं नाही. मग एका संध्याकाळी माळ घेऊन येताना तो खाणीजवळ थांबला. एक गाठ रिकामी होती आणि त्याला ती दिसली नव्हती. समोरच्या पोराने सांगितली तेव्हा दिसली. पोर फूल तोडून परत आलं, काही झालं नाही. पण त्या रात्री लवूने फादरांना जाऊन सांगितलं, "माझे डोळे आता गाठ वाचत नाहीत. मला सोडा."

जाण्याच्या दिवशी शाळा सुटली. बाहेर पोरं दोर धरून उभी. लवूच्या खांद्यावर एक बोचकं, एवढाच संसार. त्याला पाखाडी उतरून खालच्या वाटेने जायचं होतं, म्हणून तो क्रुसापर्यंत पोरांबरोबरच आला, शेवटच्या गाठीला. क्रुसापाशी म्हातारा गंगाराम पायरीवर बसला होता. आता त्याची मिशी पांढरी झाली होती.

लवूने गाठ सोडली. पोरं हलेनात.

"जा रे आता," लवू म्हणाला.

"गाठ रिकामी," पुढचं पोर म्हणालं.

लवूने चिमाकडे बघितलं. ती पदर खोचून मागे येऊन उभी राहिली आणि तिने शेवटची गाठ हातात घेतली.

"घेतली?" लवूने विचारलं.

"घेतली, आजा."

"नीट?"

"नीट घेतली."

मग तो वळला. गंगारामाला म्हणाला, "येतो दादा." गंगाराम म्हणाला, "ये. पूर्णगडची माणसं तुला बोलायला लावतील, सांभाळून." लवू हसला आणि पाखाडी उतरू लागला, एक पाय सरळ, एक वाकडा, पायरी चाचपत. ऊन उतरलं होतं. खाली समुद्र तांबूस झाला होता.

पोरं आधी महारवाडीच्या वाटेने वळली. चिमाने एकदाही मागे वळून बघितलं नाही, कारण मागे बघायचं तिचं काम नव्हतं, तिच्यापुढे गाठी होत्या. बघत राहिला तो गंगाराम. लवूचा उजवा हात अजून अर्धा मिटलेला होता, काहीतरी धरल्यासारखा. माडांच्या सावलीत तो लहान होत गेला, पुळणीच्या वळणावर थांबला, सवयीने मान वळवून मागे बघितलं, आणि मग वळणाआड गेला. गंगाराम पायरीवरून उठला नाही. समुद्रावरचा उजेड जाईपर्यंत तो त्या रिकाम्या वळणाकडे बघत बसला.